परसदार नसलेली बोट

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती प्रश्नांचं उत्तर ‘बाहेर’ हे असतं. कचऱ्याचा डबा भरला, बाहेर. सिगारेट ओढायची आहे, बाहेर जाऊन ओढा. पोरांनी घर डोक्यावर घेतलं, बाहेर खेळा रे. नवरा-बायकोत वाजलं की एकजण पायात चपला अडकवून बाहेर पडतो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन येतो आणि प्रकरण मिटतं. हे ‘बाहेर’ नेमकं कुणाच्या मालकीचं, तिथे सोडलेल्या धुराचं, आवाजाचं, पिशवीचं पुढे काय होतं, याची चौकशी करायची वेळ आपल्यावर फारशी येत नाही. कित्येक सज्जन माणसांचा सज्जनपणा या बाहेरच्या जिवावर तगून असतो. क्रूझवर सुट्टी घालवायला गेलेल्या माणसाची पंचाईत इथेच होते. बोटीवर दहा-अकरा मजले असतात, पोहायचा तलाव असतो, थिएटर असतं, दुकानं, जिम, पोरांना सोडायला खेळघर, सगळं असतं. बाहेर तेवढं नसतं. जे दिसतं तो समुद्र, आणि तो फक्त बघायचा असतो.

क्रूझवर कसं वागावं याचे सल्ले देणाऱ्यांची कमी नाही. त्यातले निम्मे सल्ले सूप पिताना आवाज करू नये, कॅप्टनच्या मेजवानीला कोट घालावा, काटा कुठल्या हातात धरावा असल्या बाबींवर खर्ची पडतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी साहेबी विद्या आहे, ती ज्याने त्याने घराण्यातूनच घेऊन यायची. माझं म्हणणं असं की बोटीवरची रीतभात हा सभ्यतेचा विषय फारसा नाहीच. तो नळाचा, वाऱ्याचा, आगीचा आणि पोटाचा विषय आहे. कोट न घालता जेवायला आलेल्या माणसामुळे आजवर एकही बोट अडचणीत आल्याचं ऐकिवात नाही. शेजारच्या केबिनमधल्याने संडासात काय टाकलं यावर मात्र अख्ख्या रांगेची सकाळ अवलंबून असते. जमिनीवर आपण जे चाळे करतो तेच बोटीवर करतो; फक्त तिथे ते वाहून जात नाहीत, फिरून आपल्याच दारात येतात. त्यामुळे नीट वागण्यात मोठेपणा काहीच नाही, निव्वळ स्वार्थ आहे. आणि स्वार्थ तरी आपल्याला शिकवावा लागू नये, अशी अपेक्षा.

सुट्टीसाठी बोटीवर जाण्याची कल्पना तशी जुनी. हाम्बुर्गचे बोटव्यावसायिक अल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ भूमध्य समुद्रात फिरवून आणली. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक कमी, तेव्हा बोट उभी ठेवण्यापेक्षा हौशी श्रीमंतांना हिंडवलेलं बरं, असा सरळ व्यापारी हिशेब. कोट, काटे आणि कॅप्टनचं टेबल हा त्या जमान्याचा वारसा. आजची तऱ्हा वेगळी आहे. २०२४ मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ७,६०० पर्यंत प्रवासी आणि २,३५० कर्मचारी घेऊन चालते. मुंबईतून २०२१ पासून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ त्या मानाने आटोपशीर. ती १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने बांधलेली आणि अठराशेच्या आसपास प्रवाशांची. मराठी माणसाला बोट नवीन नाही, क्रूझ नवीन आहे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटींच्या डेकवर वळकट्या पसरून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी रात्री काढल्या. त्या प्रवाशाला मालवण नाहीतर वेंगुर्लं गाठायचं असे, त्यामुळे शेजाऱ्याचं घोरणं, कोंबड्या आणि समुद्राची मस्ती तो मुकाट सोसायचा. क्रूझवरचा प्रवासी मुंबईहून निघतो आणि मुंबईलाच उतरतो. त्याला कुठेच पोचायचं नसतं. त्यामुळे सोसण्याचा प्रश्नच येत नाही, त्याने पैसे भरलेले असतात.

सुरुवात बाल्कनीपासून करू, कारण बोटीला बाहेर असल्याचा सगळ्यात मोठा भास तिथे होतो. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, बोटांत संपत आलेली सिगारेट, आणि अंगठ्याला लागलेली वर्षानुवर्षांची सवय. थोटूक टिचकीने उडवलं की संपलं. पण बोट चालत असते, वारा तिच्या अंगाला घासून मागे वळतो, आणि थोटूक समुद्रात पडण्याऐवजी मागच्या नाहीतर खालच्या बाल्कनीत, वाळत टाकलेल्या टॉवेलवर जाऊन बसू शकतं. २३ मार्च २००६ च्या पहाटे जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’च्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटिश चौकशी यंत्रणेने काढलेला निष्कर्ष असा की कारण बहुधा टाकून दिलेली सिगारेट. बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडपडद्यांनी पेट घेतला आणि काही मिनिटांत आग एका बाल्कनीतून दुसरीत, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर चढत गेली. धुराने एक प्रवासी दगावला, जवळपास ३०० केबिनना आगीची, धुराची किंवा पाण्याची झळ पोचली. त्यानंतर बाल्कन्यांतलं सामान सहज न पेटणारं असावं असे आंतरराष्ट्रीय नियम आले, आणि बऱ्याच कंपन्यांनी बाल्कनीत सिगारेट ओढायला सरळ मनाई करून ओढणाऱ्यांना डेकवरचा एक कोपरा नेमून दिला. या कोपऱ्यात उभे राहणारे सगळे देशोदेशीचे लोक एकच तक्रार करतात : माझी बाल्कनी आहे, मी पैसे भरलेत. बाल्कनीचे भरले असतील. वाऱ्याचे भरलेले नाहीत.

हाच न्याय निर्माल्याला. पाणी दिसलं की आपल्याला काहीतरी अर्पण करावंसं वाटतं. गाडी खाडीपुलावर आली की काच खाली होते आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट फुलं खाडीला पोचतात. किती पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या आहेत ते पाहावं, त्या शोभेसाठी बसवलेल्या नाहीत. बोटीवर कितीही भक्तिभावाने नारळ सोडला, तरी नवव्या मजल्यावरून निघालेल्या नारळाकडे सहाव्या मजल्यावर कठड्याला टेकून फोटो काढणारा माणूस भक्तिभावाने बघू शकत नाही. प्लास्टिक समुद्रात टाकायला तर १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे आणि ती खुद्द बोटीलाही लागू आहे. उदबत्तीचंही तेच. केबिनमध्ये छोटा गणपती मांडायला कुणी हरकत घेत नाही, पण छताला धूर हुंगणारं यंत्र असतं आणि त्याला चंदन आणि जळकी वायर यांतला फरक कळत नाही. इस्त्री, पाणी तापवायची कांडी, ‘असू दे, लागेल’ म्हणून भरलेला इवलासा कुकर, या वस्तू चढतानाच काढून ठेवतात तेव्हा आपल्या संस्कृतीवर घाला पडल्यासारखे चेहरे होतात. पण खोल समुद्रात बंब बोलवायचा कुठून? सकाळी अंड्याचं ऑम्लेट करून देणारा तो हसरा माणूस, नाहीतर चादरी बदलणारा, तेच तिथले बंबवाले.

आता नळाकडे येऊ. बोटीवरचे संडास पाण्याच्या लोटावर चालत नाहीत, हवेच्या ओढीवर चालतात. बटण दाबल्यावर नवखा माणूस दचकून दाराकडे सरकतो, तो आवाज त्या ओढीचा. बऱ्याच केबिनच्या जोडण्या एकाच नळाला असतात, त्यामुळे एकाने ओला वाइप, बाळाचा लंगोट किंवा उरलेली उसळ त्यात सोडली की सगळ्या रांगेचं भांडं रुसून बसतं. वाइपच्या पाकिटावर ते टाकलं तरी चालतं असं छापलेलं असतं हे खरं, पण ते छापणारा बोटीवर नसतो. जमिनीवर असं काही झालं तर ‘जरा काकूंकडे जाऊन येतो’ म्हणण्याची सोय असते. इथे काकूंचा नळही त्याच नळाला. प्रकरण कुठवर जाऊ शकतं हे २०१३ च्या फेब्रुवारीत ‘कार्निव्हल ट्रायम्फ’वर दिसलं. मेक्सिकोच्या आखातात तिच्या इंजिनरूममध्ये आग लागली, वीज गेली आणि विजेबरोबर बहुतेक संडासही गेले. चार हजारांवर माणसं घेऊन ती बोट इतर बोटींनी ओढत अलाबामातल्या मोबाइल बंदराला आणली, ती नेमकी १४ फेब्रुवारीला. प्रेमाचा दिवस म्हणून जी जोडपी गेली असतील त्यांनी एकमेकांना किती जवळून ओळखलं असेल! वर्तमानपत्रांनी त्या सफरीला जे नाव ठेवलं ते इथे छापण्यासारखं नाही. त्यात प्रवाशांचा काही दोष नव्हता हे मान्य. दोष कुणाचाही असो, नळ बंद पडला की बोटीवर माणसाचं काय होतं एवढं त्यातून कळतं, आणि मग स्वतःच्या हाताने तो बंद पाडण्याची हौस राहू नये.

पोटाची गोष्ट याहून नाजूक. क्रूझ म्हटलं की नोरोव्हायरसचं नाव निघतंच : उलट्या, जुलाब आणि भाड्याने घेतलेल्या केबिनचं छत बघत पडून राहणं. इथे बोटींची बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते की नोंद झालेल्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी बोटींवरच्या साथी जेमतेम १ टक्का. बाकीच्या सगळ्या जमिनीवर, दवाखान्यांत, हॉटेलांत, शाळांत. बोटींचा बोभाटा होतो कारण तिथे मोजदाद होते. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटीवर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की साथ म्हणून जाहीर करतात. आपल्याकडे लग्नात जेवून चाळीस माणसं आडवी झाली तर ‘बासुंदी जड गेली’ म्हणून फाइल बंद होते. पण साथ बोटीवर शिरली की जाणार कुठे? त्यात हा विषाणू सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागतं. म्हणून काही बोटींवर बुफेच्या दारात कर्मचारी ‘वॉशी वॉशी’ असं गात उभे असतात. आपण मनात हसतो. हात धुऊन पानावर बसण्याचे धडे आम्हाला? पण जरा बारकाईने पाहावं. गृहस्थ दारात कोपरापर्यंत हात धुतात. मग भाताचा डाव उचलतात, जो त्यांच्याआधी शेकडो लोकांनी उचललेला असतो. मग वरणाची पळी, सॅलडचा चिमटा, लोणच्याचा चमचा. एवढ्या सगळ्यांशी हातमिळवणी झाल्यावर टेबलाशी येऊन त्याच हाताने पोळीचा घास मोडतात. काट्याने खाणारा इथे थोडक्यात वाचतो, हाताने खाणारा वाचत नाही. तेव्हा ताट भरून टेबलावर ठेवावं आणि मग उठून हात धुऊन यावेत. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला जाताना खरकट्या हाताने डावाला शिवायचं नाही, हा नियम तर आजीने कधीच घालून ठेवलाय. तिला विषाणू ठाऊक नव्हता, उष्टं-खरकटं ठाऊक होतं, आणि बोटीवरच्या डॉक्टरला तेवढंच पुरतं. पोट बिघडलंच तर लपवू नये हेही ओघाने आलं. सांगितलं तर केबिनमध्ये बसवून ठेवतील, पैसे वाया जातील, या भीतीने औषधाची गोळी घेऊन बुफेत उभा राहणारा माणूस आपले पैसे वाचवत असतो. इतरांचे बुडवतो, पण ते त्याच्या खात्यात धरलं जात नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर ‘पैसे वसूल’ या शास्त्राबद्दलही दोन शब्द. बुफेत सात वेळा जाऊन भाडं वसूल करता येतं असा एक समज आहे. समुद्र शांत असेपर्यंत तो टिकतो. पोट गच्च भरून बोटीच्या टोकाच्या वरच्या मजल्यावर झोपायला गेलेल्याला बोट लागली की सगळी वसुली परत करावी लागते. बोट कमी हलते ती मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. हलका आहार, डेकवरची मोकळी हवा, क्षितिजावर नजर, आणि फोनमध्ये डोकं खुपसायचं नाही. हे कोकणच्या बोटीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, आले-लिंबाची बाटली घेऊनच ते चढत.

एका बाबतीत मात्र जगातले सगळे प्रवासी आपले सख्खे भाऊ निघतात. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली पद्धत त्यांनी तलावाकाठच्या आरामखुर्च्यांना लावली आहे, रुमालाच्या जागी टॉवेल, एवढाच फरक. सकाळी सहाला टॉवेल, पुस्तक आणि एक चप्पल खुर्चीवर पसरायची आणि अकरापर्यंत फिरकायचं नाही. युरोपीय पर्यटकांत यावरून इंग्रज आणि जर्मन यांचं जुनं हाडवैर आहे. यष्टीत या पद्धतीला एक न्याय होता. रुमाल टाकणारा घाम गाळत मागून दारातून चढतच असे आणि धरलेल्या जागेवर खरोखर बसत असे. टॉवेलवाल्याला बसायचं नसतं, त्याला कदाचित बसावंसं वाटेल, एवढ्यासाठी तो चार खुर्च्या अडवतो. सगळ्यांनीच असं केलं तर तलावाभोवती शेकडो टॉवेल ऊन खात पडतात आणि माणसं कठड्याला टेकून उभी राहतात. कार्निव्हल कंपनीने यावर तोडगा काढला : रिकाम्या खुर्चीला वेळ लिहिलेलं स्टिकर लावायचं आणि ४० मिनिटांत मालक उगवला नाही तर सामान उचलून ठेवायचं. स्टिकर लागलेलं पाहून आपण परत येऊन दोन मिनिटं बसून जायचं, अशी युक्ती चटकन सुचते. त्यासाठी दर अर्ध्या तासाला येऊन बसावं लागेल, मग सरळ बसलेलंच काय वाईट?

सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो सुरुवातीच्या कवायतीचा. सात लहान भोंगे आणि एक लांबलचक भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. नेमक्या याच वेळी अनेकांना आंघोळ आठवते. काहीजण ‘आम्हाला पोहता येतं’ असं सांगतात; कुठवर, ते विचारायचं नसतं. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या चिवितावेक्किया बंदरातून निघाली, तेव्हा तिथे चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला २४ तासांची सवलत होती. काही तासांतच बोट जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटली. ३२ माणसं गेली. कॅप्टनचा गुन्हा मोठा होता आणि त्याला त्याची शिक्षाही झाली. पण काळोखात, कलत्या बोटीवर आपली जागा कोणती हे शेकडो लोकांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. २०१५ पासून नियम असा की ही कवायत निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर झालीच पाहिजे. आपल्याला तर इटलीपर्यंत जायचंही कारण नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि शेकडो माणसं परतली नाहीत. अलिबागच्या बाजूला कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगतात. बाकी कुठल्याही नियमाबद्दल मी वाद घालायला तयार आहे, या अर्ध्या तासाबद्दल नाही. आंघोळ नंतर होते.

यावर ठरलेला आक्षेप येतो : अहो, माणूस सुट्टीवर आलाय. वर्षभर ऑफिसात नियम, सोसायटीत नियम, आणि लाखभर रुपये मोजून बोटीवरही नियमच? आक्षेपात दम आहे. सुट्टीत माणसाला मोकळं वाटलंच पाहिजे. पण तो मोकळा असतो तो इतर कुणीतरी बांधलेला असतो म्हणून. जहाजावरच्या कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की त्यांना २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. कायद्याला एवढं सांगावं लागतं, यावरून बाकीचे तास कसे जात असतील ते समजावं. महिनोन्‌महिने सुट्टीचा दिवस नाही, आणि प्रवासी बदलले तरी प्रश्न तेच. गोव्यात सासष्टी-बार्देशातल्या, आणि कोकणातल्याही, कितीतरी घरांतला मुलगा ‘बोटीवर असतो’. कुठल्याही देशाच्या क्रूझवर कपड्यावरच्या बिल्ल्यावर फर्नांडिस किंवा नाईक सापडला की मराठी मंडळींना भरून येतं. ‘कुठले तुम्ही? सावंतवाडी? अरे वा, आमचे व्याही तिथलेच,’ इथवर ठीक असतं. पुढच्या दोन वाक्यांत पगार विचारला जातो, आणि चौथ्या वाक्यात मेन्यूत नसलेली सोलकढी मागितली जाते. आपुलकीपोटी तो बिचारा नंतर रात्री बारा वाजता सोलकढीला कुठे आमसुलं मिळतात का ते शोधत फिरतो. त्याच्याशी बोलावं, जरूर बोलावं, पण त्याच्या हातात चार ताटं नसताना. चुटक्या वाजवून बोलावू नये. त्याचं नाव त्याच्या छातीवर लिहिलेलं असतं, वाचता येण्यासाठीच. आणि बिलात रोजची बक्षिसी धरलेली असली तर शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन ती कापून घेऊ नये. सोळाशे रुपयांच्या कॉकटेलवर कुरकुर न करणारा माणूस या रकमेवर पाऊण तास हुज्जत घालतो, तेव्हा त्याच्या मागच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना तोंड कुठे लपवावं कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक असतो. हे सगळं गोऱ्यांचं शिष्टपण आहे, आम्ही हसणारी-गाणारी माणसं, आमचा चाळीस जणांचा ग्रुप, आम्ही काय ओठ शिवून बसायचं? मुळीच नाही. डेकवर गरबा करा, अंताक्षरी लावा, ‘म’ वर अडकलेल्या मामांना हवं तितकं चिडवा, रात्रीचं वारं सगळं घेऊन जातं. कोट-टायच्या रात्रीबद्दलही माझं मत असं की ज्याला हौस आहे त्याने घालावा, ज्याला नाही त्याने बुफेत आनंदाने झब्बा घालून जेवावं. पैठणीपुढे कुठलाही इव्हनिंग गाऊन फिका पडतो ते निराळंच. अडचण फक्त गल्लीची आहे. केबिनच्या भिंती पातळ, गल्ली अरुंद, दोन्हीकडे दारांच्या रांगा. रात्री एकला तीच अंताक्षरी गल्लीतून चालत निघाली, प्रत्येकाला दारापर्यंत सोडून पुन्हा दारात उभं राहून उद्याचा बेत ठरला, आणि शेवटी दार धाडकन लागलं, तर ऐकणाऱ्या तीस केबिनमध्ये ना गोरा असतो ना काळा, सगळे जागे असतात. त्यांत आपल्याच ग्रुपमधल्या मधुमेहाच्या गोळ्या घेऊन साडेनऊला झोपलेल्या आत्याबाईही असतात. लिफ्टची सगळी बटणं दाबणारी पोरं ही वेगळी जमात. त्यांच्या पालकांना एवढंच सांगावं की अकराव्या मजल्यावर जाताना दहा वेळा उघडणाऱ्या त्या दारातून एखाद्या वेळी तुम्हीच चढणार आहात.

वेळेच्या बाबतीत आपण उदार आहोत. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो म्हणून साडेसहाला निघणारा माणूस बंदरात उतरून बाजारात रमतो. ‘चार माणसांसाठी थांबतील ना!’ बोट थांबत नाही. धक्क्याचं भाडं, पायलटची वेळ, पुढच्या बंदरातली ठरलेली जागा, सगळं आधीच बांधलेलं असतं. कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर सहसा वाट पाहतात. स्वतः रिक्षा ठरवून गेलेल्याची जबाबदारी त्याची. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. बोट समोर नांगर टाकून उभी दिसत होती, तरी त्यांना चढू दिलं नाही. त्यांनी देशामागून देश ओलांडत बोटीचा पाठलाग केला तेव्हा ती सेनेगलमध्ये हाती लागली. कॅप्टन फार कडक वागला असं पुष्कळांना वाटलं, आणि वाटण्यात चूकही नाही. पण अशा वेळी डेकवर कठड्याला रेलून उशिरा पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवत बघणारी गर्दी असते. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला थांबायला लावायचं तर अडीच हजार माणसांची परवानगी घ्यावी लागेल.

राहता राहिली शेवटची सकाळ. सामानाला रंगीत चिठ्ठी बांधून ते आदल्या रात्री केबिनच्या दारापाशी ठेवायचं असतं, आणि दर खेपेला काहीजण उत्साहाच्या भरात सगळेच कपडे त्यात भरून मोकळे होतात. मग सकाळी टीशर्ट आणि पायजम्यावर कॅप्टनच्या रात्रीसाठी आणलेला कोट चढवून, कस्टमसमोर उभं राहावं लागतं. हे तरी निभावून जातं. जिना अडवणारे मात्र निभावत नाहीत. चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे पुकारा होणार, आपला नंबर नऊला, हे लेखी दिलेलं असताना सहापासून हातात पिशव्या, खांद्यावर बॅग आणि मांडीवर झोपलेलं पोर घेऊन मंडळी पायऱ्यांवर ठाण मांडतात. जणू पहिला उतरणाऱ्याला मुंबई जास्त मिळणार आहे. कर्मचारी विनवतात, वर जाऊन बसा, कुणी हलत नाही. त्या वेळी वर बुफे चालू असतो, खिडकीजवळची टेबलं सगळ्या सफरीत पहिल्यांदाच रिकामी असतात, गरम डोसे येत असतात, आणि त्याचे पैसे भरलेले असतात.